तप्त पोलादाची कुळकथा

खेड तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्रीची जी भिंत उभी आहे तिच्या माथ्यावरून निघावे, महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड या तीन दुर्गांच्या पायथ्याने जगबुडीच्या खोऱ्यात उतरावे, खेड गाव मागे टाकून खाडीच्या अंगाने पश्चिमेस जावे, आणि जगबुडीला पोटात घेऊन वाशिष्ठी जेथे अंजनवेल-दाभोळपाशी समुद्राच्या स्वाधीन होते तेथे थांबावे. अवघ्या वीस-पंचवीस कोसांच्या या टापूत, लोखंडाला अग्नीपुढे टिकून राहावयास मनुष्याने कसकसे शिकविले त्या प्रदीर्घ प्रयत्नाच्या बहुतेक अवस्थांच्या खुणा आढळतात. पोलाद गाळणारे गाव म्हणून खेडची ख्याती कधीच नव्हती. भाताचे मळे, आंब्याची कलमे, मुंबईस गेलेल्या माणसांच्या मनिऑर्डरी आणि भरतीच्या पाण्यावर चालणारा खाडीचा व्यापार, एवढ्यावर या मुलखाने शतके काढली. परंतु एखाद्या जिनसेचा इतिहास केवळ ती निपजते तेथेच लिहिला जातो असे नाही. ती जेथे झिजते, वाकते आणि फुटते तेथेही तो लिहिला जातो, आणि उष्णतासह पोलादाच्या बाबतीत तर हा दुसरा इतिहास अधिक बोलका आहे. तो नीट तपासला असता असे दिसून येते, की ज्या मूलद्रव्यांच्या मिश्रणाने पोलाद तापल्यावरही बळकट राहते त्या मूलद्रव्यांना उष्णतेपेक्षाही काळाशी अधिक झुंजावे लागले आहे.

आरंभ घाटमाथ्यावरूनच करावा लागतो. महाबळेश्वराचे पठार आणि कोयनेचे वरचे खोरे या भागात जांभ्यातील लोहाश्म वेचून त्यापासून लोखंड काढणारी धावड नावाची मुसलमान जमात एकोणिसाव्या शतकापर्यंत वस्ती करून होती, आणि हातलोटसारख्या घाटवाटांनी तो मुलूख खेडच्या तळकोकणाशी जोडलेला होता. धावडांची भट्टी मातीची, भाता कातड्याचा आणि इंधन रानातल्या लाकडाचा कोळसा. या भट्टीचे तापमान लोखंड वितळण्याइतके, म्हणजे १५३८ अंश सेल्सिअसपर्यंत, कधी चढत नसे. दगडातील मळी तेवढी पातळ होऊन वाहून जाई आणि मागे उरलेला सच्छिद्र गोळा ऐरणीवर कुटून कुटून घट्ट करावा लागे. पुढे जंगलखात्याचा अंमल कडक झाला, विलायती लोखंड बंदरोबंदरी स्वस्त मिळू लागले आणि ह्या भट्ट्या विझल्या. त्या लोखंडाचा एक स्वभाव मात्र येथे नमूद करून ठेवला पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्याभोवती फिरते. भट्टीत लाल झालेले लोखंड घणाच्या घावासरशी हवे तसे वळते. या मार्दवावरच लोहाराचा संसार चालतो. परंतु ज्याला वाफेची नळी, यंत्राचे पाते किंवा इंजिनाची झडप घडवावयाची आहे, त्याच्या मुळावर येते ते हेच मार्दव.

लोखंडात दुसरे धातू मिसळून त्याचा स्वभाव पालटता येईल काय, हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेला त्यात मुंबईचा एक लहानसा परंतु निर्विवाद वाटा आहे. मुंबईत कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या हेलेनस स्कॉट या वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील बाजारात मिळणाऱ्या हिंदी पोलादाचे, ज्याला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत, नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे परीक्षण रॉयल सोसायटीपुढे मांडले. या पोलादाची मोहिनी पुढे मायकेल फॅरेडेवर पडली. वूट्झचे रहस्य त्यात मिसळलेल्या एखाद्या परक्या द्रव्यात असावे अशा कल्पनेने फॅरेडे आणि जेम्स स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास पोलादात निकेल, क्रोमियम, चांदी, प्लॅटिनम असे नाना धातू घालून पाहिले. कल्पना चुकीची होती, कारण वूट्झचे सामर्थ्य मुख्यतः त्यातील कार्बनाच्या प्रमाणात होते. परंतु त्या चुकीच्या वाटेने मिश्रपोलादाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, हा लाभ काही थोडाथोडका नव्हे. फॅरेडेचे ७९ लहान नमुने एका पेटीत शंभर वर्षे पडून होते. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासून १९३१ साली त्यांजवर ग्रंथ लिहिला. फॅरेडेला हवी होती उत्तम धार आणि गंज न चढणारा पृष्ठभाग. तापलेल्या अवस्थेतील बळाचा विचार त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण त्या काळची वाफ पोलादाला त्रास देण्याइतकी तापतच नव्हती.

ती वाफ कोकणात प्रथम पाण्यावरून आली. खेडला लोहमार्ग मिळावयास विसावे शतक सरत यावे लागले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी, आणि तोवर वाफेच्या इंजिनांचा जमाना इतरत्र संपून गेला होता. म्हणजे खेडच्या माणसाची वाफेशी जी ओळख झाली ती रुळांवर नव्हे, आगबोटीवर. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै करून दाभोळला लागे, आणि तेथून पडाव व होड्या भरती साधून माणसे व माल खाडीने आत नेत. या आगबोटींच्या तळाशी कोळशाच्या धगीत फावडे चालविणाऱ्या आगवाल्याचे श्रम अपार असत. परंतु बाष्पकाच्या पत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर ती धग बेताचीच होती. १८८१ च्या ‘अबर्डीन’ या प्रसिद्ध जहाजावर पोलादी बाष्पक आणि तिहेरी प्रसरणाचे इंजिन यांचा मेळ यशस्वी झाला, तेव्हा वाफेचा दाब दर चौरस इंचास १२५ पौंड होता, आणि त्या दाबाच्या वाफेचे तापमान १८० अंशांच्याही आतच राहते. साधे कार्बनयुक्त पोलाद इतक्या उष्णतेला दाद देत नाही. त्या युगातील बाष्पके फुटत ती गंजाने, क्षाराच्या थराने, पाणी आटल्याने किंवा निष्काळजीपणाने. आणि त्यांजवर देखरेख ठेवण्यासाठी प्रांतोप्रांती जे निरनिराळे कायदे झाले होते ते एकत्र करून १९२३ चा भारतीय बाष्पके अधिनियम करण्यात आला.

या जुन्या अवस्थेचे प्रत्यक्ष दर्शन घ्यावयाचे असेल तर आजही खेड तालुक्यातच, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत जावे. मुंबई-गोवा महामार्गाला लागून रसायनांचे कारखाने येथे दाटीने उभे आहेत, आणि बहुतेकांच्या आवारात एक तरी बाष्पक आहे. रसायनांच्या पात्रांना ऊब देणे, द्रावके उडविणे, माल वाळविणे या कामांना दहा-साडेदहा किलोच्या दाबाची संपृक्त वाफ पुष्कळ होते, आणि तिचे तापमान १८५ अंशांच्या आसपास असते. बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक वार्षिक तपासणीला येतो तेव्हा बाष्पक थंड करून, मनुष्यभोके उघडून ठेवलेले असते. तो आत वाकून विजेरीच्या उजेडात नळ्यांच्या तोंडाशी साचलेला क्षार पाहतो, पत्र्यावर लहान हातोडीने ठोकून नादावरून त्याची तब्येत अजमावतो, गंजाने पडलेल्या खळग्यांची खोली मोजतो, आणि कामाच्या दाबाहून अधिक दाबाने पाणी भरून सांध्यांतून थेंब सुटतो काय ते बघतो. सनद मिळते ती याच बळावर. येथे नळीचे तापमान तपासण्याचे प्रयोजन क्वचितच पडते, कारण साध्या पोलादाला सुमारे ४०० अंशांपर्यंत फारशी चिंता नसते आणि लोट्याची वाफ त्या मर्यादेच्या अर्ध्यावरही पोहोचत नाही. क्षाराचा जाड थर बसून नळीची आग पाण्यापर्यंत पोहोचेनाशी झाली म्हणजेच काय ती नळी स्वतः तापते, फुगते आणि फाटते. आणि त्या नळीत क्रोमियम घालण्यापेक्षा पाणी शुद्ध ठेवणे हाच तेथे शहाणपणाचा व स्वस्त उपाय आहे. मिश्रधातूंची महती गाताना हे सांगणे अवश्य आहे, कारण जेथे गरज नाही तेथे भारी पोलाद वापरणे म्हणजे केवळ द्रव्याचा अपव्यय होय.

खरी अडचण सुरू झाली ती वीजघरांत. वाफ जितकी तापवावी तितके तिच्यातून कोळशामागे अधिक काम मिळते हा उष्मागतिकीचा नियम अनुल्लंघनीय असल्याने, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत वाफेला बाष्पकातून निघाल्यावर पुन्हा तापविणारे अतितापक सर्वत्र आले आणि नळ्यांचे तापमान ४०० अंशांच्या वर गेले. तेव्हा एक अपूर्व प्रकार आढळून आला. थंड पोलादाचे ताणबळ एकदा मोजले की काम भागे. भार त्याच्या आत असेल तर तुकडा आज जसा आहे तसाच वीस वर्षांनीही राहील असे मानावयास हरकत नव्हती. परंतु तापलेल्या नळीवर अगदी माफक दाब असला तरी ती दर दिवशी, डोळ्यांस न दिसेल इतकी, ताणत जात होती. कोकणातील जुन्या घराच्या माळ्यावर भाताच्या कणगी वर्षानुवर्षे ठेवल्या म्हणजे तुळईला जसा हळूहळू पोक येतो, तसाच हा प्रकार. १९१० साली अँड्रेड यांनी धातूंच्या या संथ वहनाचे गणिती वर्णन केले, आणि १९२२ साली शेफील्डच्या डिकन्सन यांनी लालसर तापलेल्या पोलादाचे तुकडे भार टांगून महिनोन्‌महिने निरखले व असे दाखविले, की पुरेसा अवकाश दिला तर किरकोळ भारही पोलादाला तोडतो. शास्त्राने याला विसर्पण म्हटले. कारखान्यात सारे ‘क्रीप’ म्हणतात.

या शोधाने अभियंत्याच्या हिशेबात मुदत शिरली. नळी किती भार सोसते असे न विचारता, अमुक तापमानात अमुक भार ती १,००,००० तास सोसेल काय, असे विचारले जाऊ लागले. एवढे तास म्हणजे अखंड अकरा वर्षे आणि काही महिने. इतका काळ प्रयोग करीत बसणे अर्थातच दुष्कर, म्हणून १९५२ साली लार्सन आणि मिलर या दोघा अमेरिकन संशोधकांनी काळ आणि तापमान यांची अदलाबदल करणारे एक समीकरण दिले. त्याप्रमाणे हिशेब करून पाहिला तर जी नळी ५५० अंशांवर १,००,००० तास टिकावी ती केवळ दहा अंश अधिक तापली असता सुमारे ५०,००० तासांतच संपते. दहा अंशांनी अर्धी हयात! ज्वालेची जीभ जरा वाकडी वळली, राखेने एक वाट बुजली, की एवढा फरक सहज पडतो. आणि म्हणूनच वीजघरातील नळीत कोणते मूलद्रव्य किती घातले आहे हा प्रश्न तिच्या आयुष्याचा प्रश्न होतो.

पहिले उत्तर मॉलिब्डेनमने दिले. या मूलद्रव्याचा अणू लोहाच्या अणूहून मोठा. तो लोहाच्या स्फटिकजालात जाऊन बसला की आसपासचे जाल ताणले जाते, आणि स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकण्यासाठी ज्या सूक्ष्म विस्थापनांची हालचाल व्हावी लागते त्या विस्थापनांना जागोजाग अडसर होतो. केवळ अर्धा टक्का मॉलिब्डेनमने पोलादाचे तप्त बळ इतके वाढले, की १९३० च्या दशकात त्याच्या नळ्या वीजघरोघर बसल्या. परंतु काळाने तेथेही आपला हक्क वसूल केला. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात स्प्रिंगडेल येथील वीजघरात अशा पोलादाची मुख्य वाफनळी पाच-साडेपाच वर्षांच्या सेवेनंतर जोडापाशी तुटली. तपासात असे आढळले, की पोलादाला बळ देणारे लोहाचे कार्बाइड दीर्घकाळच्या उष्णतेने विघटित होऊन त्यातील कार्बन निव्वळ काजळासारख्या ग्रॅफाइटच्या रूपाने वेगळा पडला होता, आणि जोडाच्या कडेला या ग्रॅफाइटची एक अखंड रांग तयार झाली होती. मॉलिब्डेनमने भार अडविला; परंतु कार्बाइडाचे विघटन त्याला थांबविता आले नाही.

ते काम क्रोमियमने केले. क्रोमियमची कार्बनशी मैत्री लोहापेक्षा दृढ असल्याने त्याचे कार्बाइड सहजी विघटत नाही. अर्धा-एक टक्का क्रोमियम घालताच ग्रॅफाइटचे भय गेले. मग सव्वा टक्का क्रोमियम आणि अर्धा टक्का मॉलिब्डेनम, त्यापुढे सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम अशी पोलादे रूढ झाली, आणि या शेवटच्या पोलादाने जगातील वीजघरांची जितकी सेवा केली तितकी अन्य कोणी क्वचितच केली असेल. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे टाटांचा ५०० मेगावॉटचा देशातील पहिला संच १९८४ साली चालू झाला, त्या काळापर्यंत जगभर ५४० अंशांच्या आसपासच्या वाफेचा मुख्य भार याच कुळातील पोलादे वाहत होती.

क्रोमियमचा दुसरा गुण याहून प्रसिद्ध आहे. त्याचे प्रमाण वाढले की पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट आणि सच्छिद्र नसलेला पापुद्रा बसतो व तो हवेला आणि वाफेला आत जाऊ देत नाही. १९१२ साली जर्मनीत क्रुप यांच्या कारखान्यातील श्ट्राउस व माउरर यांनी क्रोमियम-निकेल पोलादाचा एकाधिकार मिळविला, आणि १९१३ साली शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. ब्रिअर्ली गंज न चढणारे पोलाद शोधीत नव्हते. तप्त वायूंनी आतून झिजणाऱ्या बंदुकीच्या नळीचे आयुष्य वाढवावे हा त्यांचा उद्देश होता. रसाळगडाच्या माथ्यावर आजही उघड्यावर पडलेल्या लोखंडी तोफांकडे पाहताना हा प्रसंग हमखास माझ्या मनात येतो. तोफा-बंदुका ओतणाऱ्यांची जी अडचण शतकानुशतके चालत आली होती तिच्यावर तोडगा शोधता शोधता मनुष्याच्या हाती घरोघरीच्या भांड्यांचे, वैद्यांच्या शस्त्रांचे आणि वीजघरांच्या नळ्यांचे पोलाद आले. या क्रोमियमचे खनिज क्रोमाइट जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या भूमीतही आहे. कणकवलीच्या परिसरात जानवली व वागदे येथे त्याचे साठे सापडले. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्याच्या वाट्यास गेले. साठे लहान आणि खनिज मध्यम प्रतीचे, त्यामुळे ओरिसातील सुकिंद्यापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. परंतु या जिल्ह्याच्या मातीत केवळ जांभा आणि वाळूच आहे अशी जी समजूत असते ती दूर करावयास ही नोंद पुरेशी आहे.

भरपूर क्रोमियमच्या जोडीला निकेल आठ-दहा टक्के घातले म्हणजे पोलादाची स्फटिकरचनाच पालटते. साध्या पोलादाहून या ऑस्टेनाइट रचनेत अणू अधिक दाटीने बसलेले असतात, त्यामुळे तापल्यावर त्यांचे स्थलांतर कितीतरी मंद होते आणि विसर्पणही त्याच मानाने उणावते. यावर विसंबून अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ एडीस्टोन येथे १९६० च्या सुमारास ६४९ अंशांच्या वाफेवर चालणारा संच उभारला गेला. धैर्य असामान्य होते, परंतु ऑस्टेनाइटी पोलाद तापून सुमारे दीडपट अधिक फुगते आणि उष्णता मात्र सावकाश वाहून नेते. त्याच्या जाड भिंतीच्या नळीचा आतला भाग तापलेला आणि बाहेरचा अजून थंड अशा अवस्थेत दर सुरुवातीला ताण येऊन भेगा पडू लागल्या. संचाचे तापमान उतरवावे लागले. अतितापकाच्या पातळ नळ्यांत ऑस्टेनाइटी पोलाद उत्तम, जाड मुख्य नळीत नव्हे, हा धडा तेथे मिळाला.

या पेचातून जे पोलाद निपजले ते माझ्या मते या सर्व कुळातील सर्वांत बुद्धिपूर्वक घडविलेले अपत्य होय. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत, कंबश्चन इंजिनिअरिंग या बाष्पके बांधणाऱ्या कंपनीच्या साह्याने, नऊ टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनमच्या जुन्या पोलादात व्हॅनेडियम सुमारे ०.२ टक्के, नायोबियम ०.०८ टक्के आणि नायट्रोजन ०.०५ टक्के इतक्या अल्प मात्रेने घालण्यात आले, आणि जे सिद्ध झाले त्याला आज सर्वत्र ‘ग्रेड ९१’ म्हणतात. हे पोलाद प्रथम १०५० अंशांच्या आसपास तापवून थंड करतात म्हणजे त्यात मार्टेन्साइटची बारीक पट्ट्यांची रचना उत्पन्न होते. मग ७६० अंशांच्या सुमारास बराच वेळ ठेवून त्याला पाणी उतरवितात. या दुसऱ्या तापात पट्ट्यांच्या कडांवर क्रोमियमची कार्बाइडे बसतात व त्या कडांना सरकू देत नाहीत, आणि पट्ट्यांच्या पोटात व्हॅनेडियम व नायोबियमचे नायट्रोजन-कार्बनशी झालेले अतिसूक्ष्म कण विखुरतात. विस्थापन चालत येते आणि या कणावर अडते. त्याला वळसा घालावा तर पुढे दुसरा कण उभाच. एकंदर वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असलेल्या या द्रव्यांनी मुख्य नळीच्या भिंतीची जाडी पुष्कळ कमी झाली, आणि भिंत पातळ झाल्याने संच तापविण्या-निवविण्यातील ताणही घटला. पुढे जपानात मॉलिब्डेनमचा बराचसा भाग काढून त्या जागी सुमारे पावणेदोन टक्के टंगस्टन आणि कणभर बोरॉन घालून ‘ग्रेड ९२’ केले गेले. बोरॉन कडांवरील कार्बाइडांना जाड होऊ देत नाही, आणि टंगस्टनचा अणू मॉलिब्डेनमप्रमाणेच अवजड व मंदगती. टंगस्टनचे खनिज आपल्या नागपूर जिल्ह्यात अगरगाव येथे आहे, हे येथे सांगून ठेवतो.

मात्र हे पोलाद अडाण्याच्या हाती देण्याजोगे नाही. जोडकाम करणाऱ्याने आधी नळी दोनशे अंशांवर तापवून घेतली पाहिजे, जोड झाल्यावर मोजून मापून पुन्हा साडेसातशे अंशांच्या वरचा ताप दिला पाहिजे. यात कसूर झाली तर रचना बिघडते आणि नळी नावाची ‘९१’ राहून बळाने जुन्या पोलादाहूनही हलकी पडते. सारे यथासांग केले तरी जोडाच्या कडेची एक चिंचोळी, बारीक कणांची पट्टी दुबळीच राहते, आणि वर्षांनी भेग पडते ती तेथेच. देशी नियमांनी या गोष्टीची दखल घेतली आहे: विसर्पणाच्या तापमानात चालणारे बाष्पक १,००,००० तास चालले, की त्याच्या उरलेल्या आयुष्याची शास्त्रीय तपासणी करून घेणे भारतीय बाष्पके विनियमांप्रमाणे आवश्यक ठरते. तेव्हा नळीचा व्यास वाढला काय ते मापतात, आणि नळीच्या अंगावर लहानशी जागा आरशासारखी घासून, आम्ल लावून, तिच्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवून पृष्ठाचा ठसा उचलतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठशात कणांच्या सीमांवर काळे ठिपके सुटेसुटे दिसले तर पुढच्या मुदतीपर्यंत थांबता येते; ठिपक्यांची ओळ झाली तर नळी बदलण्याची तजवीज करावी लागते.

वीजघराबाहेर, खेडच्या रोजच्या व्यवहारातही या विद्येचा एक तुकडा आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेआड राहतो. पोलादपूर सोडून कशेडीच्या जुन्या घाटाने भरल्या गर्दीची एस.टी. चढू लागली म्हणजे तिच्या डिझेल इंजिनातील धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांवरून जळत्या वायूंचे लोट दर मिनिटाला शेकडो वेळा जातात, आणि झडपेचे डोके सातशे अंशांच्या आसपास तापून लाल राहते. तशाच अवस्थेत ते आपल्या बैठकीवर आपटत असते. १९२० च्या दशकापासून या झडपांना आठ-नऊ टक्के क्रोमियम आणि तीन टक्के सिलिकॉनचे पोलाद वापरीत. सिलिकॉनने पापुद्रा अधिक घट्ट होतो, परंतु बळ फार वाढत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याजागी २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, ९ टक्के मँगेनीज आणि सुमारे ०.४ टक्के नायट्रोजनचे पोलाद आले. निकेल महाग, म्हणून त्याचे ऑस्टेनाइट टिकविण्याचे काम मँगेनीज आणि नायट्रोजन या दोघांवर सोपविले, आणि नायट्रोजनने वर बळही दिले. हे मँगेनीज नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून शंभराहून अधिक वर्षे निघत आले आहे, आणि चंद्रपूरला त्याचे फेरोमँगेनीज होते. कोकणातही खोपोली येथे महिंद्र युजिन या नावाने फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने मिश्रपोलादाचा कारखाना १९६२ साली स्थापन झाला, तेव्हा या प्रांताला खनिजापासून यंत्रापर्यंतची बरीचशी साखळी घरातच मिळाली.

आता खाडीच्या मुखाशी यावे. अंजनवेलीच्या गोपाळगडाच्या परिसरात, गुहागर तालुक्यात, जे वायुविद्युत्‌केंद्र उभे आहे त्याच्या राजकारणाने आणि करारांनी महाराष्ट्रातील वृत्तपत्रे एके काळी भरून जात. त्याचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात चालू झाला, २००१ साली तो बंद पडला, २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी मालकीची कंपनी निघाली, आणि पुढे गॅसच्या तुटवड्याने केंद्र पुन्हा थंडावून २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी ते सुरू करण्यात आले. या सर्व प्रकरणाचे आर्थिक मूल्यमापन पुष्कळांनी केले आहे. त्याकडे धातूच्या बाजूने मात्र फार थोड्यांनी पाहिले. अशा केंद्रातील वायुचक्राच्या, म्हणजे गॅस टर्बाइनच्या, पहिल्या पात्यांवर येणारा वायू हजार अंशांहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तेथे लोहाचे राज्य संपते आणि निकेलच्या महामिश्रधातूंचे सुरू होते. तीही पाती आतून पोकळ ठेवून हवेने निववावी लागतात. परंतु त्या चक्रातून सहाशे अंशांच्या आसपास बाहेर पडणाऱ्या वायूतली उष्णता वाफ करण्याकरिता पुन्हा वापरतात, आणि तेथे वर वर्णिलेल्या क्रोमियम-मॉलिब्डेनम कुळाचे ठाणे आहे. अशी यंत्रणा अखंड चालली तर तिला केवळ विसर्पण सोसावे लागते. ती वारंवार थांबली आणि सुरू झाली तर प्रत्येक थंडाव्यात आणि प्रत्येक तापात धातू आखडतो व फुगतो, आणि विसर्पणाने पोकळ झालेल्या कणसीमांना या उलटसुलट ताणाने भेगा पडतात; दोन्ही व्याधी एकत्र आल्या म्हणजे त्यांची हानी नुसत्या बेरजेहून अधिक असू शकते. म्हणून वीजखरेदीचा आणि गॅसचा जो निर्णय मुंबई-दिल्लीच्या दप्तरात होतो तो नळीच्या कणसीमेपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि तसा निर्णय करणाऱ्यांनी धातुशास्त्रज्ञाचे मत आधी घेतले पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

या विद्येत काळ अजूनही अंतिम पंच आहे, याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. नऊ टक्के क्रोमियमवर न थांबता ते बारा टक्क्यांपर्यंत न्यावे म्हणजे पापुद्राही पक्का आणि बळही अधिक, अशा विचाराने विसाव्या शतकाच्या शेवटी जपानात आणि युरोपात नवी पोलादे घडविली गेली. पहिल्या हजारो तासांच्या कसोट्या उत्तम उतरल्या. परंतु दहा-वीस हजार तास उलटल्यावर ज्या बारीक कणांवर सारे बळ उभे होते तेच कण विरून त्यांच्या जागी क्रोमियम, व्हॅनेडियम आणि नायोबियमचे जाड नायट्राइड तयार झाले, आणि अधिक क्रोमियमनेच ते लवकर घडवून आणले. अशा पोलादाला मान्य केलेले भार मग पुन्हा खाली आणावे लागले. लार्सन-मिलरचे समीकरण येथे उपयोगी पडले नाही, कारण जो कण अजून जन्मालाच आला नाही त्याचा हिशेब कोणते समीकरण करणार? म्हणूनच जपानच्या धातुसंशोधन संस्थेत १९६९ साली ४०० अंशांच्या भट्टीत भार टांगलेला साध्या कार्बनी पोलादाचा एक तुकडा चाळीस वर्षांहून अधिक काळ तसाच ठेवण्यात आला. ज्यांनी तो प्रयोग मांडला त्यांच्यापैकी बहुतेक मंडळी निवृत्त झाली तरी त्याची नोंद चालूच होती. आपल्या देशात कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांच्याही पुढे जाऊन ७०० अंशांहून अधिक तापलेल्या वाफेचे वीजघर उभारण्याची योजना भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, एनटीपीसी आणि कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून हाती घेतली, तेव्हा तांबे मिसळलेले ऑस्टेनाइटी पोलाद आणि निकेलचा ‘६१७’ हा मिश्रधातू त्यासाठी देशातच तयार करण्यात आले, आणि त्यांच्या नळ्यांचे व जोडांचे तुकडे भट्टीत भाराखाली टांगून त्यांचे तास मोजावयास सुरुवात झाली.